झरोका उघडा ठेवला आहे

संत तुकाराम नगर, पिंपरी
मंगळवार, ९ डिसेंबर १९८०

ती. आईस,

अरुंधतीचा नमस्कार. तुझं कार्ड शनिवारी मिळालं. दादा, वहिनी आणि बाळ ठीक आहेत, बाळ आता धरून उभं राहतं, हे वाचून बरं वाटलं. मीही ठीक आहे. मी एरवी कार्डच लिहिते, पण हे लिफाफ्यात घातलं आहे. तुझ्याशिवाय ते कुणी वाचू नये. दादाला वाचून दाखवायला सांगू नकोस. दुपारी वहिनी झोपली की चष्मा लावून स्वतः वाच.

तू विचारलेल्या गोष्टींची उत्तरं खाली येतील. आधी गेल्या डिसेंबरातला तो दिवस क्रमाने लिहिते, कारण तू तो सगळ्यांकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकला आहेस आणि माझ्याकडून एकदाही नाही.

१. सकाळी मला ताप होता. तरी मी कामावर गेले.
२. बाबा घरी एकटे होते. जेवणानंतर त्यांनी शेजारच्या प्रभावतीकडून निखारे मागून घेतले आणि तुझी शेगडी खोलीत पेटवली.
३. दार आणि खिडक्या बंद होत्या.
४. दिवेलागणीला मी परत आले. बाबा खुर्चीत बसले होते. हाक मारली, उठले नाहीत.
५. प्रभावतीच्या यजमानांनी, भीमराजनी, डॉक्टरांना आणलं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले आणि तसंच लिहून दिलं.
६. दुसऱ्या दिवशी सकाळी तू सांगलीहून पोचलीस.

यातलं पाचवं डॉक्टरांचं म्हणणं आहे. माझं नाही. मी वर्षभर ते तसंच राहू दिलं.

तू कार्डात लिहिलं आहेस की यंदाची थंडी माझ्याकडे काढायची आहे. वाचल्यावर मी कार्ड पालथं घालून ठेवलं, कारण पुढच्या दोन ओळी मला तिथेच दिसल्या होत्या. "ते पत्रातून लिहायचे तसं घर उबदार करून ठेव. आणि माझी शेगडी घासून ठेव, मी आल्यावर लागेल." शेगडी मोडली, असं मी लिहू शकले असते. तू दुसरी आणली असतीस.

म्हणून आता घराचं लिहिते.

वहिनीच्या बाळंतपणासाठी तू सांगलीला गेलीस तेव्हा मला बजावून गेली होतीस की बाबांना थंडी सोसत नाही, एक झुळूक आत येता कामा नये. तुला आठवेल, हे घर मिळालं त्याला तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. सिमेंटच्या भिंती, शहाबादी फरशी, लोखंडी चौकटीच्या खिडक्या. त्या खिडक्या सरळ बसवलेल्याच नव्हत्या. बंद केल्या तरी कडेने बोट जाईल इतकी फट राहायची. रात्री वारा तिथून शिट्टी घालायचा आणि बाबा म्हणायचे, "मुंबई-पुणे रस्ता आपल्या घरातून जातो."

मी रविवार धरून काम सुरू केलं. आमच्या कारखान्यात मशिनं खोक्यांतून येतात. त्यांच्या कोपऱ्यांना जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं कापड, लावलेला असतो, तो फेकून देतात. साहेबांना विचारून मी तो घरी आणला, पट्ट्या कापल्या, सरस लावून चौकटींना चिकटवल्या. दाराखाली एक पट्टी. फरशीवर चाकणच्या बाजारातून आणलेलं काळं घोंगडं. खिडक्यांना मांजरपाटाचे पडदे, आतून तुझ्या जुन्या जांभळ्या लुगड्याचं अस्तर. पांढरी ट्यूब काढून पिवळा बल्ब लावला, कारण ट्यूबच्या उजेडात माणूस आजारी दिसतो, असं बाबांचं म्हणणं होतं. तुझ्या दोन्ही गोधड्या उन्हात घालून त्यांच्या खाटेवर टाकल्या. भिंतीशी टेकायला एक लोड शिवला. तो जरा वाकडा झाला, पण बाबांनी त्याला कुणाला हात लावू दिला नाही.

बाबांना या सगळ्यात फार मजा आली. मी ड्रॉइंग ऑफिसात लागले तेव्हापासून ते मला मिस्त्री म्हणत, तुला माहीत आहे. फट शोधायची माझी पद्धत अशी होती की उदबत्ती पेटवून चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवायची. धूर हलला की तिथे वारा आहे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी उदबत्ती माझ्या हातातून काढून घेतली. स्टुलावर चढायचे, धूर बघायचे, आणि वरून हुकूम सोडायचे. सगळं झाल्यावर एका संध्याकाळी ते दारासमोर उभे राहिले. धूर सरळ वर जाऊन दारावरच्या झरोक्याकडे वळला.

"मिस्त्री, तुमचं एक भोक राहिलं."

झरोक्याला तिरप्या काचा असतात, त्या बंद होत नाहीत. हवा जायला म्हणूनच त्या तशा असतात. हे मला माहीत होतं. मी माप घेतलं, प्लायवूडचा तुकडा कापला, कडेला नमदा लावला आणि बसवला. मग बाबांनी खोलीच्या मधोमध उदबत्ती धरली. धूर कुठेच गेला नाही. छतापर्यंत गेला आणि तिथेच पसरला. त्यांनी माझ्या पाठीवर थाप दिली. मला ते काम आवडलं होतं, आई. एवढं अचूक काम मी ऑफिसातही केलं नव्हतं.

त्यानंतरच त्यांनी तुला ते पत्र लिहिलं, घर म्हणजे सुगरणीचा खोपा झालाय म्हणून. तू ते अजून जपून ठेवलं आहेस असं दादा म्हणाला.

आता तो दिवस.

आमच्या कारखान्याची चाकण रस्त्याला नवी शेड व्हायची होती. उघड्या माळावर उभं राहून दोन दिवस मापं घेतली होती. तिथल्या वाऱ्याने अंगात ताप भरला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेताना कप बशीवर वाजला. बाबांनी विचारलं, "थंडी वाजतेय?" असं कुणी विचारलं की मी नाही म्हणते. तू म्हणतेस तसा माझा स्वभावच आहे. त्या दिवशी म्हटलं, "थोडी."

मग बस पकडायला गेले.

संध्याकाळी दार ढकललं तेव्हा ते नेहमीसारखं जड लागलं, नमद्यामुळे. आत पिवळा बल्ब चालू होता. खोली उबदार होती. इतकी की क्षणभर मला बरं वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बाबा खुर्चीत होते, मान पाठीशी घेतलेल्या वाकड्या लोडावर. शेगडीत निखाऱ्यांवर राख बसली होती.

शेगडी त्यांच्या खाटेजवळ नव्हती. माझ्या खाटेजवळ होती. माझं अंथरूण घातलेलं होतं, तुझ्या दोन्ही गोधड्या त्यांनी स्वतःच्या खाटेवरून काढून माझ्यावर घालायला ठेवल्या होत्या. त्यांतल्या एकीची कड दुमडून आत घेतली होती, ठिणगी उडून जळू नये म्हणून. आणि खुर्ची मुद्दाम अशी ओढली होती की शेगडीवर लक्ष राहील.

खेडच्या आपल्या जुन्या घरी तू दर थंडीत खोलीत शेगडी ठेवायचीस. आम्ही तिघं-चौघं भोवती बसायचो. कधी काही झालं नाही, कारण वर कौलं होती आणि कौलांतून आकाश दिसायचं. कोळसा धुमसताना एक वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. हवा खेळती असली तर तो निघून जातो. नसली तर माणसाला आधी डोकं जड वाटतं, मग झोप येते. मग जाग येत नाही. त्रास होत नाही, एवढं मी तुला खात्रीने सांगू शकते. हे आम्हाला पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं होतं आणि परीक्षेत मी ते बरोबर लिहिलं होतं. घर बंद करताना मला शेगडी आठवली नाही, कारण ती गॅलरीत होती आणि तिच्यावर आम्ही फक्त अंघोळीचं पाणी तापवत होतो.

डॉक्टर आले तोवर भीमराजनी खिडक्या उघडल्या होत्या. बाबांचं वय, जुना रक्तदाब. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तेव्हा बोलू शकत नव्हते, हे एक कारण. दुसऱ्या दिवशी बोलू शकत होते.

दुसऱ्या दिवशी तू आलीस. जिना चढताना तुला दादाने धरलं होतं. तू बाबांच्या उशाशी बसलीस, चेहऱ्यावरची चादर बाजूला केलीस आणि बराच वेळ बघत राहिलीस. मला वाटलं आता तू मला विचारशील. तू म्हणालीस, "बघ गं, तेज आहे चेहऱ्यावर." मग आलेल्या बायका पुढे झाल्या आणि त्यांनाही ते दिसलं. गाल गुलाबी होते. कुणी म्हणालं पुण्यवान माणूस, झोपेत गेला. कुणी म्हणालं, असं मरण मागून मिळत नाही. तू त्या दिवसात तेवढ्या एका गोष्टीला धरून बसली होतीस. तेराव्यालाही तू तेच सांगत होतीस. अजून सांगतेस, असं वहिनीच्या पत्रावरून कळतं.

आई, ते तेज त्या वायूचं होतं. रक्तात तो गेला की कातडी तशी दिसते.

हे लिहिताना मी दोनदा थांबले आहे. तुझ्याकडून ती एक गोष्ट काढून घ्यायची मला इच्छा नव्हती. तू दादाकडेच राहिली असतीस तर मी ती काढून घेतली नसती. पण तू इथे येणार, खिडक्या लावणार आणि शेगडी पेटवणार. तेव्हा मला पर्याय राहिला नाही.

"झुळूक येता कामा नये" हे वाक्य तुझं होतं म्हणून त्यातलं काही तू स्वतःकडे घेऊ नकोस. तू आईसारखं बोललीस. मी ते मापासारखं घेतलं.

प्रभावतीलाही मी सांगितलं आहे. सांगायचं नव्हतं. पण वर्षभर ती माझ्याशी जिन्यात नजर चुकवून बोलायची. गेल्या महिन्यात पाण्याच्या नळावर ती एकदम म्हणाली, "निखारे म्या दिले, ताई. माझ्या हातानं. काका म्हनले, पोरगी तापात गेलीय, येईल तवा अंथरूण ऊन पाहिजे. म्या म्हनलं, न्या की." तिला वाटत होतं की जळत्या शेगडीचा काहीतरी अपशकुन लागला आणि तो तिच्या घरून आला. मी तिला वायूचं समजावून सांगितलं. निखाऱ्यांचा दोष नाही, बंद खोलीचा होता. तिने विचारलं, मग खोली कुणी बंद केली? तिला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, मी. तिने हंडा खाली ठेवला आणि माझा दंड धरून उभी राहिली. पाणी वाहून जात होतं. मागच्या बायका ओरडल्या तरी तिने सोडला नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. तू म्हणाली होतीस की ही पोरगी बापाला रडलीसुद्धा नाही. म्हणून कळवते.

आता तू विचारलेलं. घर गेल्या वर्षीसारखं उबदार नाही. नमद्याच्या पट्ट्या मी तेराव्यानंतर सगळ्या खरवडून काढल्या. झरोक्याचा प्लायवूड काढला. रात्री वारा परत शिट्टी घालतो. शेगडी घरात नाही, ती मी भंगारवाल्याला दिली. ती तुझी होती, तुला न विचारता दिली.

तू येणार असलीस तर जे केलं आहे ते असं. तुझी खाट खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लावली आहे, तिथे झोत लागत नाही. घोंगडं फरशीवर आहे. पडदे आहेत, पण खालच्या अर्ध्या भागापुरते. पिवळा बल्ब आहे. रबराची गरम पाण्याची पिशवी आणली आहे. बाबांची धोतरं मध्ये घालून मी एक गोधडी शिवली. टाके सरळ आलेत, फार जवळजवळ आलेत, त्यामुळे ती जरा ताठ झाली आहे. वापरून मऊ होईल. वाकडा लोड अजून आहे.

झरोका उघडा ठेवला आहे. तू आलीस तरी तो उघडाच राहील. कितीही गारठा पडला तरी तो बंद करायला मला सांगू नकोस, एवढंच माझं मागणं आहे. तुझ्या अंगावर काय लागेल ते मी घालीन.

हे वाचल्यावर कदाचित तुला माझ्याकडे यावंसं वाटणार नाही. तसं असलं तर तसं लिही. दादाला काय सांगायचं आणि काय नाही, ते तू ठरव. मी त्याला वेगळं लिहिणार नाही.

येणार असलीस तर रविवारी, २१ तारखेला, सांगलीच्या सकाळच्या गाडीत दादा तुला बसवून देईल. मी स्वारगेटला उतरवून घेईन. त्यासाठी मला शनिवारी सुट्टीच्या आधी ऑफिसात सांगून ठेवावं लागतं, पुढचे दोन दिवस रजा हवी असते, तू इथे रुळेपर्यंत. म्हणून येतेस की नाही, यांपैकी जे असेल ते, शुक्रवार १९ तारखेपर्यंत मला मिळेल असं कळव. एक ओळ पुरे. पण तुझ्या हातची असू दे.

तुझी
अरुंधती