पोळं मोडू नका

कांदिवली

ती. आईस श्रुतिकाचा नमस्कार.

तू फोन घेत नाहीस, म्हणून लिहिते. मी बरी आहे, दोन्ही वेळ जेवते. तू जेवतेस ना? सर्वेशदादा सांगत होता, पडवीतलं गांधीलमाश्यांचं पोळं तू काठीने पाडलंस. आता कशाला गो? तुला डसल्या असत्या तर?

"घरात पोळं लागलं की पाळणा हलतो, मोडू नका," असं तू दिवाळीत आमच्या खिडकीतलं पोळं बघून म्हणालीस खरं, पण ते ठेवायचा हट्ट तुझ्या जावयाचा. येता-जाता खिडकीपाशी जाऊन नितेशच बघायचा.

थंडीत त्या आपणहून जातात ना? यंदा थंडी पडलीच नाही. डॉक्टर म्हणाले, उकाडा वाढलाय तशा अशा केसेसही वाढल्यात. मागे एकदा डसली तेव्हा त्याचा नुसता हात सुजला होता. ॲलर्जी आहे हे कुणाला ठाऊक? या वेळी मी चुना लावत बसले आणि तिथेच त्याचा श्वास कोंडला. यात तुझं काय चुकलं?

तुझं म्हणणं खरं ठरलं, आई. मला तिसरा महिना लागलाय. तो गेल्यावर कळलं.

पाळणा बांधायला तूच यायचंस. फोन घे.

तुझी,
श्रुतिका