सातांतला पहिला उद्गार

बाबा, काल गुड फ्रायडे होता आणि मी अकोल्याला आपल्या चर्चमध्ये जाऊन आले. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली. त्याआधी अकरा वर्षं तुम्ही मला घरात घेतलं नाहीत, म्हणून मी तिकडे फिरकलेच नव्हते. काल का गेले, विचारू नका. अमरावतीच्या स्टँडवर बस लागलेली दिसली, बसले.

काही बदललेलं नाही. बारा ते तीन उपासना, बायका पांढऱ्या साड्यांत, घंटा बंद, आणि येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर बोलायला सात जण. उन्हानं पत्रे तापलेत, पण तीन वाजेपर्यंत कुणी पाण्याला शिवत नाही. नऊ वर्षांची असताना मी स्वयंपाकघरात माठातलं पाणी चोरून प्यायले, तेव्हा तुम्ही मारलं नाहीत. "त्याले तहान लागली तं लोकायनं शिरक्यावानी आंब देल्ली, अन् तुले थंड पानी पायजे काय?" एवढंच म्हणालात. मला मार परवडला असता.

पहिला उद्गार क्षमेचा, आणि तो दरवर्षी तुमचा. खिळे ठोकणाऱ्यांसाठीही त्यानं क्षमा मागितली, हे तुम्ही असं सांगायचात की लोक रुमाल काढायचे. मी बौद्ध मुलाशी कोर्टात लग्न केलं, तुम्ही दार लावून घेतलंत, आणि त्याच वर्षी पुन्हा क्षमेवर बोललात. ते कानावर आलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ढोंगी म्हटलं मी तुम्हाला, नवऱ्यासमोर, मोठ्यानं.

काल उपासनेनंतर आपले जुने पास्टर साहेब भेटले. नव्वदीला आलेत, काठी घेऊन चालतात, पण मला लगेच ओळखलं. मी काहीतरी टोमणा मारला असेल तुमच्या क्षमेवर. ते म्हणाले, "पोरी, तुह्या लग्नापासून तुह्या बापाले तो उद्गार नको होता. दरसाली हात जोडे, दुसरा द्या म्हने. म्या त्याले सांगतलं, आधी पोरीले माफ कर, मंग दुसरा देतो."

मी बाकावर बसले. ते बोलतच होते. "शेवटच्या साली आला. म्हने, केलं माफ. म्या त्याले तिसरा देला, येशू आपल्या आईले शिष्याच्या हाती सोपवते तो."

त्याच दिवाळीला तुम्ही गेलात. मधे सहा-सात महिने होते, बाबा. अमरावती दोन-अडीच तासांवर, माझा नंबर आईजवळ होता. कुणाला सांगितलंत, तर पास्टरला. मला का नाही? की त्या उद्गारातून सुटायला चर्चमध्ये खोटं बोललात? काल रात्रीपासून मला यातलं काहीच गिळता येत नाहीये. ढोंगी होतात तेव्हा बरं होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. निघताना पास्टर साहेब म्हणाले, "पुढच्या साली पहिला उद्गार तू घे, मी नव्या पास्टरले सांगतो." मी म्हटलं, "मले दुसरा कोनताबी द्या." त्यांनी "काहून?" विचारलं, तेव्हा बस चुकेल म्हणून मी उठले. बसला अजून तासभर होता.