श्यूने दिलेला काढा

३१ जाने. २०१६, ब्राउनश्वाइग, जर्मनी
टूथपेस्टचं झाकण मकरंदने उघडून दिलं. मला जमेना. संधिवाताचं इंजेक्शन बंद करून अडीच महिने झाले. बाळ हवं तर ते बंद ठेवावंच लागतं, आणि बंद केलं की सांधे बोंबलतात. बदली गोळ्यांनी ढिम्म फरक नाही. सदतिसावं चालू आहे. सासूबाई फोनवर, "कुणाला बोलू नकोस गं, दृष्ट लागते." आल्झो, इथले म्हणतात तसं, तर मग गप्प.

७ फेब्रु.
म.च्या ऑफिसातल्या चिनी मित्राकडे त्यांच्या नव्या वर्षाचं जेवण. माझ्या हातून चमचा दोनदा पडला. मित्राची बायको श्यू, तिने माझी बोटं हातात घेऊन पाहिली. तिच्या मावशीला हाच आजार. तिकडच्या वैद्याने दिलेल्या मुळ्यांच्या पुड्या घरात होत्या. मग हळूच, "मूल हवंय का तुला?" पटकन नाही म्हणून टाकलं. हिला कशाला चौकशा. पुड्या घेऊन आले.

१३ फेब्रु.
काढा. कडू जहर, कारलं परवडलं. जिन्यापर्यंत वास. झाडपालाच तर आहे, त्याने काय होतंय. सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंना सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, सांगितलं नाही.

२० मार्च
कणीक मळली, स्वतः! सहा पोळ्या. म. चार खाऊन गेला, मी ओट्याशी उभी राहून रडले.

२४ एप्रिल
पाळी बारा दिवस पुढे. म.ने कॅलेंडर तीनदा मोजलं. टेस्ट निगेटिव्ह. "घाई झाली, पुन्हा करू." तोवर आईला गोड बातमी सांगूनही मोकळा, गाढव. सासूबाई गणपतीला नवस बोलल्या.

१५ मे
पुन्हा निगेटिव्ह. पाळीही नाही. बोटं झकास. मला आनंद होतोय की भीती वाटतेय, तेच कळेना.

२४ मे
डॉक्टरांची टर्मिन, ठरलेली भेट. काढ्याचं बोलले शेवटी. तिथूनच श्यूला फोन लावून त्या मुळ्या कुठल्या वेलीच्या ते विचारलं. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवर वाचलं, चष्मा काढला. या मुळीने सांधे शांत होतात आणि पाळीही थांबते, लिव्हरलाही धोका. रक्ताच्या रिपोर्टात दिवस गेलेले नाहीत. "आजच्या आज बंद." पाळी परत येईल ना? "बहुतेक येते. खात्री देता येत नाही."

बसस्टॉपवर दोन बस सोडल्या.

२५ मे
श्यूचा फोन. "मी विचारलं होतं ना तुला." एवढंच. विचारलं होतं, हो. ती कशासाठी विचारतेय हे मी विचारलं नाही. तिचा दोष नाही. सासूबाईंचाही नाही, त्या मायेनेच बोलल्या. म. म्हणतो तुझाही नाही. मग कुणाचा? आणि ते तीन महिने मी खरंच सुखात होते, हे कुणापाशी बोलायचं?

१२ जून
काढा बंद, एकोणीस दिवस. सासूबाई दिवस गेलेत असंच धरून रोज विचारतात, "आज कसं वाटतंय?" म.ने त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही. मीही नाही.

सकाळी डावं मनगट सुजलेलं. ठणका. आणि मला बरं वाटलं. औषध अंगातून उतरतंय, म्हणजे बाकीचंही जागेवर येईल, असं काहीतरी. डॉक्टर असं काही म्हणाल्या नव्हत्या. म.ला हात दाखवला तर त्याचे डोळे भरले, आणि मी हसतेय. जेल लावू का म्हणाला. नको म्हटलं. दुखू दे जरा.

पाळी अजून नाही.