ड्रिलच्या दांड्यावरचं नाव

१ ऑक्टो., खंडेनवमी
टाकीला हार, हळदकुंकू. शेजारच्या गाळ्यात विजूदादाचीही पूजा. पेढे सगळ्यांना, मला नाही. बोर्ड नवा रंगवलाय, 'जगताप अँड सन, टूल ग्राइंडिंग'. बाबा गेल्यावर धारेची मशीनं, गिऱ्हाइकं, बोर्ड, सगळं त्याला. मला फक्त ही नायट्रोजनची टाकी, हत्यारं गोठवून टिकाऊ करायची. "तो फ्रीज घे तू, सुमे," म्हणाला. बाबांच्या हाताखाली दोघंही शिकलो, हे कुणाला आठवत नाही. त्याला एकदा नाक घासत यायला लावीन.

४ ऑक्टो.
दादा लोकांना सांगत फिरतो, "पोलाद गार करून काय होतं? आमची सुमी कुल्फी विकते." आणि आज करंजाचे पाटील आले, बोटींचे शाफ्ट बनवतात. "ताई, तुमी गार केलेली ड्रिलं अजून चालू हायत. धारेला द्यायची येळच नाय आली." म्हणजे दादाकडची एक फेरी बुडाली. अशा शंभर बुडोत.

९ ऑक्टो.
हत्यारांचे व्यापारी इक्बालचाचा गार करायला ड्रिलांची एक पेटी ठेवून गेले. "बेटी, माल कुणाचा ते विचारू नकोस."
उघडली. प्रत्येक ड्रिल तेलकट कागदात, वर धोतराची चिंधी, गाठ डावीकडे. ही बाबांची बांधणी. आता ती आम्हा दोघांनाच येते, मला आणि दादाला. भिंतीपलीकडची पेटी अख्खा बाजार फिरून माझ्याकडे! हसता हसता ठसका लागला. चाचांना फोन केला, तर "अल्ला कसम, मी नाव नाही घेतलं हं." शेवटी कबूल केलं. दादा ही 'आमची स्पेशल धार' म्हणून विकणार आहे. कुल्फी काय!

१० ऑक्टो.
माल टाकीत. गारवा हळूहळू वाढवायचा, घाई केली की तडा. उद्या काढून भट्टीत हलकं तापवायचं, म्हणजे ठिसूळपणा जातो. आणि भट्टी लावलीच नाही तर? दिसायला काही फरक नाही. त्याची स्पेशल धार गिऱ्हाइकाच्या मशीनवर तुकडे तुकडे. दिवसभर हेच डोक्यात. फार गोड वाटलं.

११ ऑक्टो.
भट्टी लावली. चांगुलपणा वगैरे नाही. तुटली असती तर त्याचंच खरं झालं असतं, की गार करून काही होत नाही. शिवाय तुकडा उडून कुणा ऑपरेटरच्या डोळ्यात गेला असता. त्या बिचाऱ्याशी माझं काय भांडण.
दुसरं सुचलंय.

१३ ऑक्टो.
तळोज्याला लेझरवाल्याकडे. प्रत्येक ड्रिलच्या दांड्यावर कोरून घेतलं, 'सुमन जगताप, पनवेल'. "मॅडम, एवढं खोल?" हो, एवढंच. घासून काढायला गेलं की दांड्याचं माप जाणार, ड्रिल पकडीत डुगडुगणार. धार लावताना दांड्याला हात लावायचा नाही, हे बाबांनी दादाला माझ्यासमोरच शिकवलं होतं. कानफटात देऊन.
पेटी तश्शीच बांधून चाचांकडे परत. गाठ डावीकडे.

१५ ऑक्टो.
दादाचा फोन, इतक्या दिवसांनी.
"सुमे, ते नाव काढ."
"तूच काढ. ग्राइंडर तुझ्याकडे आहेत."
ठेवला. दिवसभर गुणगुणत होते.

२३ ऑक्टो., भाऊबीज
येणार नाही वाटलं होतं. आला. नजर खाली. ओवाळलं. तबकात पाकीट नाही, ओट्यावर एक जड पेटी ठेवली.
"पुढची खेप. दोघातिघांनी मागितलीत... नाव असलेलीच द्या म्हणतात."
"आणि बोर्डावर?"
करंजी खाल्ली, पाणी प्यायला. "आई असती तर असं बोलली असतीस?"
"असती तर बोर्ड तिनेच उतरवला असता."
"बघू," म्हणाला, आणि चपला घातल्या. पाठीमागून अगदी बाबांसारखा दिसतो, मेला. वाटला होता तेवढा आनंद नाही झाला. पण सोडणारही नाही.
पेटी ओट्यावर आहे. गाठ अजून सोडलेली नाही.