सोडलेल्या गाठी

अंतानानारिव्हो,
१४ जून

प्रिय नोरोमावशीस,

तुझ्या हाइंगोचा नमस्कार. तांबड्या तांदळाची गोणी काल गाडीच्या टपावरून सुखरूप उतरली. तुझे गुडघे कसे आहेत? इथे थंडी फार आहे. रोज भाताच्या खरवडीचं गरम पाणी पिते आणि तुझी चूल आठवते.

मी पास झाले. आपल्या घरातली पहिली पदवी! तळ्याकाठचं तुझं एकुलतं शेत तू माझ्या प्रयोगाला दिलं नसतंस, तर ती मिळाली नसती. "खाईन गं वर्षभर कसाव्याचे कंद, त्यात काय मरते की काय?" म्हणाली होतीस.

निकाल सांगते. ठेंगण्या नव्या वाणाला जसजसा युरिया वाढवला, तसतसे फुटवे आले, दाणेही वाढले. आपल्या उंच तांबड्याला मात्र थोडाच मानवला. जास्त दिला तिथे पात गर्द हिरवी, उंची माझ्या छातीपर्यंत, आणि दाणे भरताच सगळं भात लोळलं.

हे तू पाहिलंच आहेस. मी उगाच पाल्हाळ लावते आहे.

मावशी, कॉलेजातले रावेलो सर माझा प्रयोग तपासायला येणार होते, त्या दिवशी तू पहाटेच उठून ते लोळलेलं भात पेंढी पेंढीनं उभं केलंस. विणायला घेतलेली टोपी उसवून तिच्या राफियानं, त्या ताडाच्या धाग्यानं, बांधलंस. माझी लाज राखायला. सर बांधावरून म्हणालेसुद्धा, "वा! तांबडं एवढ्या खतावर उभं राहिलं!"

मला गप्प बसता आलं असतं. पण तेच खरं धरून तळ्याकाठच्या बायांनी पुढच्या वर्षी तेवढाच युरिया टाकला असता, आणि त्यांचं भात चिखलात कुजलं असतं. म्हणून मी एकेक गाठ सोडली. तुझ्यादेखत.

"शिकलीस की खुळावलीस? पाहुण्यासमोर आपल्याच माणसाला कुणी आडवं पाडतं का?" एवढं म्हणून तू घरी गेलीस, ती नंतर माझ्याशी बोललीच नाहीस. सर मला म्हणाले होते, "आता खरं शेत दिसलं." ते तुला सांगायचं राहूनच गेलं. त्या पडलेल्या भातामुळेच मी पास झाले, मावशी.

आणि तू कसावा खाऊन तांदूळ मला पाठवलास. गोणीचं तोंड त्याच राफियानं बांधलेलं, तशीच दुहेरी गाठ. ती सोडायला हातच होईना. मग सोडली, भात शिजवला, रडत रडत पोटभर जेवले.

सुट्टीत येते. राफिया जपून ठेवला आहे, टोपी पुन्हा विणू.

तू उभी केलेली, अजून उभी असलेली,
हाइंगो