महाकोडं आणि आमच्या हिश्शाचा बांध

२ ऑगस्ट १९९६
साप्ताहिकाच्या वर्धापनदिनाचं शब्दकोडं, म्हणजे महाकोडं, आलं. एकही सूचना सरळ नाही, सगळ्या आडून बोलणाऱ्या. शिवाय आडवी उत्तरं सगळी एकाच विषयातली, आणि तो विषय ओळखून कूपनवर लिहायचा. जिंकणाऱ्याचा फोटो छापणार. कोट इस्त्रीला टाकला.
एसटीत कंट्रोलर म्हणून जन्म गेला. गणपतीतली गर्दी ज्याने आवरली, त्याच्यापुढे कोडं म्हणजे किस झाड की पत्ती.
संकल्प: सकाळी कोडं, मग बांधावर फेरी. गावकीचे प्रमुख हैबतराव, त्यांनी पावसाआधीच घराघराला खाडीच्या बांधाचा तुकडा वाटून दिलाय. आमच्या हिश्शाची राखण माझ्याकडे.

४ ऑगस्ट
'इमारती लाकडापुढे रडण्याची सुरुवात.' साग, पुढे र. सागर! म्हणजे सागरगड. चौकटी तीनच आहेत, पण 'गड' समजून घ्यायचा. विषय लागला: किल्ले.
बांधावर गेलो. खेकड्याने भोक पाडलंय. छत्री घालून बघितली, मुठीपर्यंत आत गेली. काढली तर मागोमाग पाणी. चाखलं. खारं. हैबतरावांना सांगायचं. उद्या.

५ ऑगस्ट
पाऊस. सांगायचं राहिलं.
बूथवरून रोह्याला नम्रताला फोन. ती तिथल्या बँकेत असते, आमच्या तिघांच्या कोडेमंडळातली. कोड्यांत तिला मीच तयार केलं. (ती म्हणते, ती माझ्याआधीपासून सोडवते. असेल.) 'दीन उलटा पडला की वाहू लागतो', तर तिने फटकन 'नदी' लिहिलंय आणि विषय पाणी म्हणून मोकळी झालीय! म्हटलं, पोरी, नदीकाठीही किल्ले असतात. तिसरे, रोह्यालगतच्या अष्टमी गावचे कान्हू टेलर, तिच्याच बाजूचे. शिंप्याचं काय, कापायची घाई.

७ ऑगस्ट
'ओत म्हटल्यावर ती आली आणि वर चढली.' भर, ती. भरती! सैन्यभरती. वर चढली म्हणजे अर्थात गडावर.
सगुणा म्हणते, अवो, बांधाखालचं भात पिवळं पडलंय, खताचं काय नाय हे, खालून काहीतरी हाय. हिला संशय फार. म्हटलं, मला काय डोळे नाहीत?

९ ऑगस्ट
भोक बुजवलं. चिखल-पेंढा करत बसायला वेळ कोणाला आहे? जुन्या अंकांची रद्दी कोंबली. कागद भिजला की फुगतो आणि घट्ट बसतो. साधं विज्ञान. वरून पायाने दाबलं. पाय बाहेर आला, चप्पल आत राहिली. राहू दे, तेवढाच आधार.

११ ऑगस्ट
हैबतराव येऊन गेले. अमावास्येनंतरचं उधाण मोठं हाय म्हणाले. पंधरा तारखेला दुपारी ज्याने त्याने आपापल्या हिश्शावर उभं रहायला पायजे. तुमचं कसं काय हाय, दाजी? म्हटलं, फर्स्टक्लास.
वाटेत दिशा भेटली. ती आणि तिचा नवरा आदर्श यंदाच एकत्र घरातून वेगळे निघाले. पहिलंच भात, आणि ते नेमकं आमच्या बांधाच्या पोटाशी. विचारत होती, दाजी, टिकंल ना बांध? म्हटलं, मी आहे ना. तिचा चेहरा एकदम निवळला. बरं वाटलं.

१३ ऑगस्ट
किल्ले बसेनात. एक बसवला की दोन ढासळतात. कोडं करणाऱ्याचीच चूक असणार.
बांधावर गेलो नाही, लांबून पाहिला. लांबून उत्तम दिसतो. रद्दीच्या जागी खालच्या अंगाला बगळे जमलेत. रोज वाढतायत. चांगलं लक्षण असावं.

१४ ऑगस्ट
दिव्यांची अमावास्या. पुरणाचे दिंड जास्त झाले.
नम्रताचा निरोप: उद्या सुट्टी, रोह्याला या. संध्याकाळी तिचा भाऊ मुंबईला जातोय, कूपन हातोहात देईल. उद्याच दुपारी उधाण! पण उधाण महिन्यातून दोनदा येतं. महाकोडं वर्षातून एकदा. निर्णय सोपा.

१५ ऑगस्ट. रोहा, कान्हूंच्या भावाची खोली
सकाळची गाडी धरली. सगुणाला सांगितलं, झेंडावंदनाला जातो. ती म्हणाली, आन् बांध? म्हटलं, बांध कुठे पळून जातोय?
दोघांनी कोडं पुरं करून ठेवलंय. विषय पाणी. खोडून किल्ले घालून पाहिले. नम्रता रबर देत राहिली. शेवटी कान्हू म्हणाले, दाजी, तुम्ही खाडीकाठचे, तुम्हाला तर पहिलं दिसायला पायजे होतं. झोंबलं. म्हटलं, माझं नाव काढा कूपनवरून. नम्रताने खरंच काढलं. जरा आग्रह करायला काय झालं होतं!
खिडकीतून कुंडलिका नदी दिसते. तुडुंब. पुलावर माणसं पाणी बघायला जमलीत. मी गेलो नाही.

१६ ऑगस्ट
बांध फुटला, खांड पडली. आमच्याच हिश्शात. एसटी आरपार जाईल एवढी. आमचं भात गेलं. आदर्श-दिशाचं तर सगळंच. खारं पाणी शिरलं की दोन-तीन वर्षं जमीन काही देत नाही.
पाण्यावर कागद तरंगत होते. हैबतरावांनी एक उचलला, उलटून बघितला. अर्धं सोडवलेलं कोडं. माझ्याकडे बघितलं. म्हटलं, उधाणापुढे कोणाचं चालतं? त्यांनी कागद पिळून माझ्या हातात दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
दिशा बांधावर बसली होती. मला बघून उठून गेली. तिच्याशी बोलायचं होतं. काय, ते ठरलं नव्हतं.
लाज वाटते.

१८ ऑगस्ट
खांड बुजवायला घरटी एक माणूस. रीत अशी, की हैबतराव दारोदार जाऊन कर्त्या माणसाला नावाने हाक मारतात.
संकल्प: आज सगळ्यांच्या पुढे. कामाची आखणी मीच करून देणार. गाड्या लावल्या, माणसं लावणं काय अवघड? लवकर आंघोळ केली, जुनी शिट्टी गळ्यात घातली, ओटीवर बसलो.
शेजारी हाक आली: हिरामण! मग आदर्श! मग सगळे आमच्या दारात थांबले. उठून उभा राहिलो.
हैबतरावांनी हाक मारली: सगुणा गो!
ती तयारच होती. फावडं आणि भाकरी घेऊन निघाली. मी म्हटलं, मीही येतो. हैबतराव म्हणाले, नको दाजी. घरटी एकच.
चहा माझा मीच केला. साखरेचा डबा सापडला नाही.