दादाच्या जोडीला

१० ऑगस्ट २००८
पोहोचलो तोवर दादाला पुरलं होतं! दोन विमानं, एक रेल्वे, एक जीप – आणि शेवटी ओल्या मातीचा ढीग. आज परत आलो. उद्या ऑफिस.

निघताना प्रकाश पाळक म्हणाले, "आपल्या चर्चच्या मंडळीचं पन्नासावं वर्ष आहे. इतिहास तुमचे मनोहरभाऊ लिहिणार होते. आता तुम्हीच लिहा." नाही म्हणता आलं नाही.

१७ ऑगस्ट
सुरुवात केली. पिपरटोल्याची मंडळी, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची, १९५८. आठ घरं, प्रार्थनेला एक मातीची खोली. आमचे बाबा पहिले पाळक. शस्त्र धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही. प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षारस घेण्याआधी जोडीजोडीने एकमेकांचे पाय धुवायचे. मनात अढी असेल तर आधी मिटवायची, नाहीतर भोजन नाही.

एवढं सहज लिहिलं. पुढे हात चालेना.

२४ ऑगस्ट
२००४चं इथे तरी लिहितो. आम्ही नुकतेच इथले पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, झालो होतो. एप्रिलमध्ये गावी गेलो. पाय धुवायला लहानपणापासून मी दादाच्याच जोडीला. घंगाळात माझा पाय धरून तो हळूच म्हणाला, "प्रबोध, पोराच्या हातात बंदूक देणार? बाबांचा नातू आहे तो."

इथे माझ्या सारंगला मोठा झाल्यावर दोन वर्षं सैन्यात जावं लागणार, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

मी ओल्या पायांनी उठलो – सगळ्यांदेखत! चपलाही घातल्या नाहीत. त्याचे पाय धुवायचे राहिले.

नंतर चार वर्षं मालतीवहिनींना फोन करायचो, तोही दादा शेतावर असेल तेव्हाच.

३० ऑगस्ट
आज हॉकर सेंटरवर जेवताना सारंगला सगळं सांगितलं. डिसेंबरात त्याची भरती. तो इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाला, "एव्हरीवन गोज लाह, पप्पा." मग ताट बाजूला सारून, "काकांनी मला विचारायचं ना."

खरंच. मी तरी कुठे विचारलं?

३१ ऑगस्ट
पाळकांचा फोन. बोलता बोलता म्हणाले, "मनोहरभाऊंनी शेवटची चार वर्षं प्रभुभोजन घेतलं नाही. कारण विचारलं की नुसते हसायचे."

एवढा राग, दादा! मरेपर्यंत!

१४ सप्टेंबर
पाळकांनी विधीच्या वहीची झेरॉक्स पाठवली. कोण कुणाचे पाय धुणार, ते दादाच लिहून ठेवायचा.

एप्रिल २००५. मनोहर – प्रबोध (यायचा आहे).

२००६, तेच. २००७, तेच.

यंदाही. अक्षर थरथरलेलं – (यायचा आहे).